सगळ्यांनाच ‘अ’ तुकडी?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारून बघा, "कुठली तुकडी होती तुमची?" माणूस चाळिशीत असो नाहीतर साठीत, उत्तर क्षणात येतं. रोल नंबर विसरलेला असतो, बाईंचं नाव विसरलेलं असतं, पण तुकडी पक्की आठवते. ‘अ’ तुकडीवाला जरा ताठ बसून सांगतो. ‘ड’ तुकडीवाला हसत हसत सांगतो आणि लगेच पुढे आपण आज काय करतो तेही जोडतो. :)

आमच्या शाळेतही हेच होतं. पाचवीच्या मार्कांवर तुकड्या पडायच्या आणि दहावीपर्यंत फारसं कुणी इकडचं तिकडे जायचं नाही. गणिताचे सगळ्यात चांगले सर ‘अ’ला. ‘ड’ला कोण, तर ज्यांचे तास भरायचे राहिले असतील ते. पुस्तक एकच, बोर्डाची परीक्षा एकच, आणि तरीही दोन वर्गांत दोन वेगळ्या शाळा भरत.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या टीममधले बे एरियातले दोघे-तिघे सहकारी. कॉल संपला की हल्ली त्यांच्यात एकच विषय चालतो: मुलांना आठवीत अल्जिब्रा मिळणार की नाही? पहिल्यांदा मला कळेचना, की आठवीतल्या पोराच्या बीजगणितावरून मोठी माणसं इतकी हातघाईवर का येतात. म्हणून गेले दोन-तीन वीकांत वाचत बसलो. त्यातून हाती आलं ते असं, की सरकारी हायस्कुलांनी सगळ्याच मुलांना वरच्या दर्जाच्या वर्गात घालावं का, हा वाद अमेरिकेत सव्वाशे वर्षं चालू आहे. आणि त्यात दोन्ही बाजू आलटून पालटून हरलेल्या आहेत.

आधी यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे शाळेत ‘गणित’ म्हणजे सगळं मिळून एक विषय, फार तर बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर. तिकडे पायऱ्या असतात. अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. साधारणपणे एका वर्षाला एक पायरी. हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे चार वर्षं, आणि पायऱ्या पाच. आता हिशेब करा. आठवीतच अल्जिब्रा झाला नसेल, तर बारावीत कॅल्क्युलस गाठायला मध्ये कुठेतरी डबल कोर्स किंवा उन्हाळी वर्ग घ्यावे लागतात. आणि कॅल्क्युलसशिवाय चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा अर्ज लंगडा. थोडक्यात, पोराने इंजिनिअर व्हायचं की नाही याचा अर्धा निकाल ते तेरा वर्षांचं असताना लागतो. हातघाई का ते कळलं ना?

आता इतिहास. १८९२ साली तिथल्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने दहा जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते हार्वर्डचे चार्ल्स एलियट. हायस्कुलांत काय शिकवावं याचा देशभर गोंधळ होता, तो निस्तरायचं काम त्यांच्याकडे आलं. ‘कमिटी ऑफ टेन’चा अहवाल १८९३चा. त्यातली एक शिफारस आजही चकित करते. एखादा विषय शाळेत शिकवायचा तर तो घेणाऱ्या प्रत्येक मुलाला सारख्याच पद्धतीने आणि सारखाच खोल शिकवा, मग तो पुढे कॉलेजात जाणार असो की दुकानात, असं समितीचं म्हणणं. म्हणजे तुकडीच नको!

पण एक गोम आहे. तेव्हा अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांत सगळी मिळून मुलं होती दोन लाखांच्या आसपास. हायस्कूलच्या वयाच्या शंभरातली सहा-सात मुलंच कुठल्या ना कुठल्या हायस्कुलात जात. बाकीची शेतात नाहीतर कारखान्यात. शंभरातल्या सहा-सातांना ‘सगळे’ म्हणणं सोपं असतं. सर्व्हरवर दहाच युझर असतील तर कुठलंही आर्किटेक्चर चालतं, तसंच.

मग लोड आला. बालमजुरीवर बंधनं आली, शिक्षण सक्तीचे कायदे आले, इटली-पोलंड-रशियातून आलेल्यांची मुलं शाळेत आली, आणि १९३० पर्यंत हायस्कूलच्या वयाची निम्म्याहून जास्त मुलं वर्गात बसली होती. एवढ्यांना लॅटिन आणि बीजगणित कसं शिकवायचं? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल १९०४ सालीच म्हणत होते, की यातल्या कितीतरी मुलांची ती कुवतच नाही. १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी स्टॅनफर्ड-बिने ही बुद्धिमापन चाचणी आणली. पहिल्या महायुद्धात अशाच चाचण्या सतरा लाखांच्या घरात सैनिकांना देऊन झाल्या, आणि युद्ध संपल्यावर तीच हत्यारं शाळांत आली. मुलांची बुद्धीप्रमाणे पाच गटांत विभागणी करा, हा टर्मन यांचाच आग्रह. मेक्सिकन आणि काळ्या मुलांसाठी वेगळे वर्ग काढा, असं त्यांनी आपल्या पुस्तकात सरळ लिहून ठेवलंय. ‘शास्त्रीय’ या शब्दामागे किती काय लपतं ते बघा.

सगळे गप्प बसले होते असं मात्र नाही. १९१५ च्या सुमारास डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्यूई यांच्यात जाहीर वाद झाला. स्नेडन म्हणत, कारागिरांची मुलं कारागीरच होणार, तर त्यांना वेगळं व्यवसायशिक्षण द्या. ड्यूईंचा मुद्दा असा, की अशी फाटाफूट केलीत तर शाळा समाजातल्या भिंतीच पक्क्या करेल. ड्यूई तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. आणि १९१३ ते १९१६ या काळात त्याच कोलंबियात त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये बसलेले होते भीमराव आंबेडकर. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वर्गातल्या इतरांपासून वेगळं बसवलं होतं, त्याने पुढे ड्यूईंचं ऋण आयुष्यभर मानलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

अमेरिकेत त्या फेरीत ड्यूई हरले. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला. १९१८ च्या ‘कार्डिनल प्रिन्सिपल्स’ या अहवालात शाळेची सात उद्दिष्टं सांगितली: आरोग्य, घरसंसार, व्यवसाय, नागरिकत्व, फावला वेळ वगैरे. बीजगणित-भूमिती यांचं त्यात स्वतंत्र नाव नाही. एका छपराखाली सगळी मुलं, पण आत वेगवेगळे रूळ. या रुळांनाच तिकडे ‘ट्रॅक’ म्हणतात, म्हणजे आपली तुकडी.

या रुळांचा खरा चेहरा दिसला राजधानीत. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. वॉशिंग्टनच्या शाळा एकत्र झाल्या आणि दोनच वर्षांत, १९५६ मध्ये, तिथले तेव्हाचे सहायक शिक्षणप्रमुख (आणि पुढे शिक्षणप्रमुख झालेले) कार्ल हॅन्सन यांनी हायस्कुलांत चार ट्रॅक आणले: ऑनर्स, रेग्युलर, जनरल आणि बेसिक. हॅन्सन यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं भेदभावाच्या शाळांत मागे ठेवलेली मुलं अचानक एका वर्गात आली होती आणि शिक्षकांना काहीतरी सोय हवी होती. पण सोय कशी फिरते बघा. बेसिकमध्ये बहुतेक गरीब काळी मुलं जमा झाली. ज्या चाचण्यांवर हे ठरायचं त्या मुळात गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या. आणि एकदा खालच्या रुळावर पडलेलं मूल सहसा वर येत नसे.

ज्युलियस हॉब्सन नावाचा कार्यकर्ता याविरुद्ध कोर्टात गेला. जून १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ही ट्रॅक पद्धत रद्द करायचा आदेश दिला. त्यांच्या निकालाचा गाभा असा, की मुलाला पुढे आणण्यासाठी खालच्या वर्गात ठेवता म्हणता, तर त्या वर्गात पुढे आणणारं काहीतरी असायला हवं. ते नव्हतंच. हॅन्सन यांनी त्यानंतर राजीनामा दिला. पण कोर्ट तुकडी रद्द करू शकतं. चांगला गणिताचा मास्तर कोर्टाच्या हुकमाने तयार होत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मर्म इथेच आहे.

दरम्यान दुसरीकडे वारं उलटं वाहत होतं. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ मध्ये विज्ञान-गणितासाठी केंद्राचा पैसा ओतणारा कायदा झाला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ च्या पुस्तकात सांगितलं, की साधारण वरची १५ टक्के मुलं हेरा आणि त्यांना कठीण अभ्यास द्या. (एलियटसुद्धा हार्वर्डचेच. साठ-पासष्ट वर्षांत त्याच खुर्चीतून नेमका उलटा सल्ला.) अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी, हा कार्यक्रमही त्याच सुमाराचा. हायस्कुलात असतानाच कॉलेजचा अभ्यास, वर्षअखेर पाच गुणांची परीक्षा, तीन म्हणजे पास. १९५६ च्या पहिल्या परीक्षांना बसली जेमतेम बाराशे मुलं, तीही निवडक शाळांतली. एपी जन्मालाच आलं ते मूठभरांसाठी.

ते मूठभरांचं राहिलं नाही याचं बरंच श्रेय एका बोलिव्हियन माणसाला जातं. हायमे एस्कलांते. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा १९८८ चा सिनेमा बघितला असेल तर आठवेल. पूर्व लॉस एंजेलिसमधलं गारफील्ड हायस्कूल, बहुतेक मुलं गरीब मेक्सिकन घरांतली. १९८२ मध्ये तिथली अठरा मुलं एपी कॅल्क्युलस पास झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांचा संशय आला. त्यातल्या बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराच्या बारा पास झाले. सिनेमात हे बघताना अंगावर काटा येतो.

पण सिनेमा एक गोष्ट खाऊन टाकतो. त्यात वाटतं, की जिद्दी मास्तर आला आणि एक-दोन वर्षांत अपूर्णांक न येणारी पोरं कॅल्क्युलस करायला लागली. प्रत्यक्षात एस्कलांते १९७४ साली शाळेत आले. कॅल्क्युलसचा वर्ग सुरू व्हायला १९७८ उजाडलं आणि पहिल्या खेपेला परीक्षेपर्यंत टिकली पाचच मुलं. मधल्या काळात त्यांनी काय केलं? खालच्या इयत्तांतले गणिताचे वर्ग दुरुस्त केले. सोबतीला शिक्षक जमवले. जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग चालवले, म्हणजे मागे राहिलेल्या मुलाला एका सुट्टीत एक पायरी चढता यावी. शाळेआधी, शाळेनंतर, शनिवारी तास. प्रवेशाला चाळणी नव्हती. यायचं असेल त्याने यावं, पण मग राबावं. पाठीशी हेन्री ग्रॅडिलास हा खमका मुख्याध्यापक. १९८७ मध्ये या शाळेतून ऐंशीहून जास्त मुलं एपी कॅल्क्युलस पास झाली. पुढे ग्रॅडिलास गेले, १९९१ मध्ये एस्कलांतेही गेले आणि काही वर्षांत तो डोलारा खाली आला.

आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांनी फ्रंटएंड बघितला. बॅकएंडला दहा वर्षांचं काम होतं ते कुणाला दिसलंच नाही.

आणि मग तेच झालं जे आपल्या क्षेत्रात नेहमी होतं. डेमो आवडला, चला रोलआउट करू! १९९७ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांनी नववीचे ‘कच्च्यांचे’ गणिताचे वर्ग बंद केले आणि प्रत्येकाला अल्जिब्रा सक्तीचा केला. भावना चांगलीच होती. बॉब मोझेस हा मिसिसिपीत काळ्यांच्या मतदानहक्कासाठी मार खाल्लेला माणूस १९८२ पासून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ चालवत होता. जे काल मतदानाचं होतं तेच आज बीजगणिताचं आहे, असं तो सांगे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की अल्जिब्रा घेणारी मुलं वाढली, नापास होणारीही वाढली, परीक्षेतले गुण होते तिथेच राहिले आणि कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाणही हललं नाही. शिवाय हुशार मुलांचे गुण थोडे घसरले. पाटी बदलली, दुकान तेच!

इथे बरेच लोक थांबतात आणि म्हणतात, "बघा, सांगितलं नव्हतं?" पण गोष्ट पुढे आहे. २००३ मध्ये शिकागोने एक बदल केला. आठवीच्या चाचणीत मधल्या रेषेच्या खाली असलेल्या मुलांना अल्जिब्राचा रोज एक तास न देता दोन तास द्यायचे. विषय तोच, दर्जा तोच, वेळ दुप्पट. या मुलांचा पुढे अनेक वर्षं माग काढला गेला. हायस्कूल पुरं करण्याचं आणि कॉलेजात जाण्याचं, दोन्ही प्रमाणं वाढलेली निघाली.

असाच अनुभव न्यूयॉर्कजवळच्या रॉकव्हिल सेंटर नावाच्या लहानशा गावाचा. तिथे नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने खालचे ट्रॅक बंद केले आणि सगळ्यांना वरचा अभ्यास दिला. एकदम सगळं नाही; आधी एक इयत्ता, मग पुढची. आणि ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी एक दिवसाआड जादा तास, वेळापत्रकातच बसवलेला. २००० साली तिथल्या काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांपैकी ३२ टक्के मुलांनी राज्याचा वरचा, रीजंट्स डिप्लोमा मिळवला होता. २००३ मध्ये ८२ टक्के. अर्थात गाव सुखवस्तू, शाळेकडे पैसा, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि उलटी चूक सॅन फ्रान्सिस्कोने केली. २०१४ मध्ये त्यांनीही ‘सगळे एकत्र’ केलं, पण वर नेऊन नाही, खाली आणून. आठवीचा अल्जिब्रा कुणालाच नाही, सगळ्यांना नववीत. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर क्लास लावले (हे आपल्याला नव्याने सांगायला नको). ज्यांच्याकडे नव्हते त्यांची पायरी गेली. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात यावर मत घेतलं. ते बंधनकारक नव्हतं, तरी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘अल्जिब्रा परत आणा’ म्हटलं. शाळा मंडळाने त्याआधीच तो परत आणायचं ठरवलं होतं.

अजून एक मोह असतो, आकड्यांचा. एस्कलांतेंचं चरित्र लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९९८ पासून शाळांची एक क्रमवारी काढली. दिलेल्या एपी परीक्षा भागिले बारावीतून बाहेर पडणारी मुलं. पास किती झाली हे त्या गुणोत्तरात नाहीच. हेतू हा, की नापास व्हायच्या भीतीने शाळांनी मुलांना अडवू नये. पण ज्याने कधी ‘कोड कव्हरेज’चं टार्गेट बघितलंय, त्याला पुढे काय होतं ते माहीत आहे. आकडा वाढतो. बग तिथेच राहतो.

मग माझं मत काय? सगळ्यांना सरसकट वरच्या वर्गात ढकला, याला माझं उत्तर ‘नाही’ आहे. पण मास्तरने बोट दाखवलेल्यांनाच घ्या, यालाही ठाम ‘नाही’. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीतल्या सगळ्या मुलांची हुशारीसाठी सरसकट चाचणी घ्यायला सुरुवात केली. त्याआधी शिक्षक-पालकांनी सुचवलेल्यांचीच घेत. सरसकट घेतल्यावर पात्र ठरलेल्या काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या कितीतरी वाढली. ती मुलं आधीही हुशारच होती, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं.

मला पटतो तो टेक्सासचा २०२३ चा कायदा. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीत आपोआप वरच्या गणितात जातं. अर्ज नाही, शिफारस नाही. नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. डिफॉल्ट सेटिंग किती ताकदीची असते हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? नव्वद टक्के युझर ती कधी बदलतच नाहीत. आजवर गरीब घरातल्या मुलाची डिफॉल्ट तुकडी ‘ड’ होती आणि ‘अ’ हवी तर कुणीतरी भांडावं लागे. ते उलटं करा. मात्र चाळीसच्या खालचं साठ टक्क्यांचं पोर तिथे सोडून देऊ नका. त्याला शिकागोसारखा दुसरा तास द्या, एस्कलांतेसारखी उन्हाळ्यातली पायरी द्या. त्याला पैसा लागतो आणि माणसं लागतात. पाटी बदलायला काहीच लागत नाही, म्हणून सगळे आधी पाटी बदलतात.

आपण याकडे तिऱ्हाइतासारखं बघायचं कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती, की सरकार वरच्या थोड्यांच्या शिक्षणावर खर्च करतं आणि खालच्यांपर्यंत ते झिरपेल म्हणतं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांनाच, अशी शिफारस केली. म्हणजे कागदावर आपण एलियटच्या बाजूचे. वर्गात मात्र आमच्या शाळेत सर ‘अ’ तुकडीला गेले आणि ‘ड’ला ऑफ तास मिळाला. एकाच पुस्तकाने समता येत नाही, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती.

असो. लेख फारच लांबला, आणि उद्या सोमवार. बे एरियातल्या मित्रांना हे सगळं सांगितलं तर म्हणतील, "ते ठीक आहे रे, पण आमच्या पोरीचं काय?" बरोबर आहे, प्रत्येकाचं पोर एकदाच आठवीत असतं. फक्त शाळेच्या मीटिंगला जाल तेव्हा आपल्या पोरीच्या अल्जिब्रासोबत एक प्रश्न जास्तीचा विचारा: ज्यांना जड जाणार आहे, त्यांचा दुसरा तास कोण घेणार, आणि कधी? उत्तर ठाम आलं तर ती शाळा गंभीर आहे असं समजा.